खालाचं ऑपरेशन का झालं नाही

ईद झाली की आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य दरवर्षी कानावर पडतं. 'ज्यांनी पूर्ण रोजे ठेवले त्यांची शुगर बघा, आणि ज्यांनी सोडले त्यांची बघा.' सांगणारा सहसा स्वतःचा रिपोर्ट खिशातून काढून दाखवतो. रिपोर्ट खोटा नसतो. रोजे ठेवणाऱ्यांची तब्येत खरोखरच बरी असते. न ठेवणाऱ्यांमध्ये इन्सुलिनवर असलेले, डायलिसिसला जाणारे, पायाची जखम न भरणारे लोक जास्त दिसतात. म्हणजे रोज्याने शुगर सुधारते, हे सिद्ध झालं का?

मी पनवेलमध्ये ज्युनियर कॉलेजच्या मुलांना सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे असल्या वाक्यात नाक खुपसणं हा माझा धंदाच आहे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ज्यांची शुगर हाताबाहेर गेलेली आहे, त्यांना डॉक्टर आणि मौलाना दोघेही 'नका ठेवू' म्हणतात. म्हणजे महिना सुरू होण्याआधीच लोकांची दोन गटांत वाटणी झालेली असते, आणि ती वाटणी तब्येतीवरूनच झालेली असते. मग महिन्याच्या शेवटी दोन्ही गटांची तब्येत ताडून बघायची आणि फरकाचं श्रेय रोज्याला द्यायचं, हा हिशोब कसा बसेल?

२००१ साली भारतासह तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांचा एक मोठा अभ्यास झाला होता, एपिडायर नावाचा. त्यात टाइप-२ मधुमेह असलेल्या सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. इन्सुलिनशिवाय जगूच न शकणाऱ्या टाइप-१ वाल्यांमध्ये तेच प्रमाण सुमारे ४३ टक्के होतं. चाळण आधीच कशी लागते, ते एवढ्यावरून दिसतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती मोहल्ल्यात कुणी सांगत नाही. शुगर एकदम खाली जाऊन माणूस कोसळण्याचे गंभीर प्रसंग इतर महिन्यांपेक्षा रमजानमध्ये कितीतरी पटींनी वाढले होते. टाइप-२ मध्ये साडेसात पट. कुणी रोजा ठेवू नये असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकारही नाही. औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, इतकंच.

पण आज लिहायला बसलो ते रोज्यावर नाही. हाच प्रश्न आमच्या घरात एकदा फार वेगळ्या रूपात आला होता आणि त्यावर घर दुभंगायची वेळ आली होती. आता त्याला काही वर्षं झाली, शांतपणे सांगता येईल.

माझी धाकटी खाला अठ्ठावन्न वर्षांची होती. छातीतली गाठ तिने बरेच महिने लपवली. आमच्याकडच्या बायका लपवतात. २०१७ च्या सुरुवातीला निदान झालं तेव्हा रोग हाडांत पोचला होता. पनवेलहून हार्बरची लोकल पकडायची, कुर्ल्याला बदलायची, परळला उतरायचं आणि टाटा हॉस्पिटलच्या रांगेत बसायचं, हा आमचा नित्यक्रम झाला. काही तपासण्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच केंद्रात व्हायच्या. ते आमच्या तालुक्यातलंच, त्यामुळे खालूंना तेवढाच दिलासा.

सहा केमो झाल्या. गाठ लहान झाली. आम्हाला वाटलं, आता ऑपरेशनची तारीख मिळेल. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करणार नाही, गोळ्या चालू ठेवू.

घरात गदारोळ उडाला. गाठ आहे, ती दिसते, हाताला लागते, आणि डॉक्टर ती काढत नाहीत! मामूंना वाटलं, सरकारी मदतीचं हॉस्पिटल, गर्दी फार, गरीब पेशंट, म्हणून टाळतात. ते रिपोर्ट घेऊन शहरातल्या एका खासगी रुग्णालयात गेले. तिथले सर्जन म्हणाले, 'काढून टाकू. मूळच काढलं की आयुष्य वाढतं, अमेरिकेतल्या हजारो पेशंटच्या अभ्यासात दिसलंय.' खर्च सांगितला तो आमच्या आवाक्याबाहेरचा. पण मामूंची रसायनीच्या बाजूला थोडी जागा होती, विमानतळाच्या बातम्यांनी तिचा भाव वाढलेला. ती विकायला ते एका पायावर तयार झाले. बहिणीपुढे जमीन काय चीज आहे, असं ते म्हणाले, आणि त्यात नाटक नव्हतं.

माझ्याकडे काम आलं ते एवढंच, की तू शिकलेला आहेस, तो अमेरिकेचा अभ्यास खरा आहे का बघ.

तो खरा होता. २००२ साली शिकागोच्या डॉ. सीमा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींमधून त्यांनी १९९० ते १९९३ या काळातल्या १६,०२३ बायका घेतल्या, सगळ्या चौथ्या टप्प्यावरच्या, म्हणजे खालासारख्याच. त्यातल्या सुमारे ५७ टक्के बायकांचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं, बाकीच्यांचं नाही. तीन वर्षांनंतर ऑपरेशन न झालेल्यांपैकी १७.३ टक्के हयात होत्या. पूर्ण स्तन काढलेल्यांपैकी ३१.८ टक्के. जवळजवळ दुप्पट. सोळा हजार बायका! एवढा मोठा आकडा समोर ठेवल्यावर 'नको' म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पहिल्या रात्री मी तो निबंध वाचला तेव्हा मामूंचं बरोबर आहे असंच वाटायला लागलं होतं.

पण सोळा हजार असोत की सोळा लाख, वाटणी कशी झाली हा प्रश्न आकडा मोठा झाल्याने मिटत नाही. कोणत्या बाईचं ऑपरेशन करायचं, हे तिथे डॉक्टरांनी ठरवलं होतं. डॉक्टर कुणाला टेबलावर घेतात? जी चालत येते, जिचं हृदय बरं आहे, जिचा रोग एका हाडात आहे, यकृतात-मेंदूत पसरलेला नाही. जी स्ट्रेचरवरून येते तिला कुठला सर्जन कापेल? म्हणजे ऑपरेशनच्या गटात मुळातच जास्त जगणाऱ्या बायका गोळा झाल्या होत्या. आपल्याकडे हाजी लोक तब्येतीने ठणठणीत दिसतात तसंच हे. वैद्यकीय दाखला मिळाल्याशिवाय हजला जाता येत नाही, आणि अराफात-मिनाची पायपीट अशक्त माणसाला झेपत नाही. पुस्तकात याला कन्फाउंडिंग म्हणतात. वर्गात मी त्याला 'मध्ये घुसलेला तिसरा' म्हणतो. उपचार आणि आयुष्य या दोघांच्या मध्ये मूळची तब्येत घुसलेली असते आणि दोघांनाही तीच ओढत असते.

दुसरी भानगड वेळेची आहे, ती जास्त लबाड आहे. समजा एखाद्या बाईचं निदान जानेवारीत झालं, सहा महिने केमो झाली आणि जुलैत ऑपरेशन. जी मार्चमध्येच वारली तिची नोंद कुठे होणार? 'ऑपरेशन न झालेल्या' गटात. तिचं ऑपरेशन ठरलेलं असलं तरीही. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायला आधी तेवढे महिने जिवंत राहावं लागतं. त्यामुळे ऑपरेशनच्या गटाला ते महिने फुकट मिळतात, आणि लवकर गेलेल्या सगळ्या बायका दुसऱ्या गटाच्या खात्यावर चढतात. ऑपरेशनने काडीचा फायदा होत नसला तरी आकड्यात फायदा दिसणारच.

हे सगळं संशोधकांना कळत नव्हतं असं नाही. त्यावरची हत्यारं सांख्यिकीत आहेत, आणि ती मला मनापासून आवडतात. एक साधं हत्यार म्हणजे जोड्या लावणं. एका हाडात रोग असलेली पन्नाशीची बाई ऑपरेशनच्या गटात असेल, तर दुसऱ्या गटातून तशीच शोधायची आणि दोघींनाच ताडून बघायचं. वय, रोगाची जागा, गाठीचा प्रकार, सगळंच जुळवायला गेलं तर जोड्या सापडेनाशा होतात. म्हणून १९८३ मध्ये रोझेनबॉम आणि रुबिन या दोघांनी युक्ती काढली. प्रत्येक बाईची माहिती बघून तिचं ऑपरेशन होण्याची शक्यता किती होती हे एका आकड्यात काढायचं, आणि तो आकडा सारखा असलेल्या, पण एकीचं झालेलं नि दुसरीचं न झालेलं, अशा बायकांची तुलना करायची. फार सुंदर कल्पना आहे. तिची अडचण एकच: जे कागदावर आहे तेच जुळवता येतं. बाई दारातून आत आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मनात जो अंदाज बांधला, तो कुठल्या रकान्यात असतो? घरी करणारं माणूस आहे की नाही, ती जेवते किती, तिला जगायची इच्छा किती उरली आहे, याचे रकाने नसतात. सीमा खान यांनी कागदावरचे बरेच घटक जमेस धरून हिशोब केला होता आणि तरीही फरक उरला होता. उरलेला फरक ऑपरेशनचा की न लिहिलेल्या गोष्टींचा, हे त्या सोळा हजार कागदांवरून सांगता येणार नव्हतं.

मग करायचं काय? उत्तर आपल्या लोकांना चांगलं ओळखीचं आहे, फक्त वेगळ्या नावाने. हजसाठी जागांपेक्षा अर्ज जास्त आले की मुंबईच्या हज कमिटीत कुरआ निघतो. चिठ्ठी श्रीमंत बघत नाही, परहेजगार बघत नाही, निरोगी बघत नाही. म्हणजे ज्यांचं नाव आलं आणि ज्यांचं राहिलं, ते दोन्ही गट सरासरीने सारखेच असतात. दिसणाऱ्या गोष्टींत सारखे आणि कागदावर न लिहिलेल्या गोष्टींतही. पुढे दोघांत जो फरक पडेल तो हजचा.

ही माझी कल्पना नाही, असा अभ्यास खरोखर झाला आहे. पाकिस्तानात २००६ च्या हजसाठी अर्ज केलेल्या सोळाशेहून अधिक लोकांना, कुरआत नाव आलेल्यांना आणि न आलेल्यांना, नंतर गाठून प्रश्न विचारले गेले. क्लिंगिंगस्मिथ, आसिम ख्वाजा आणि मायकल क्रेमर या तिघांनी ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. क्रेमर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हजहून आलेले लोक इतर पंथांच्या, इतर धर्मांच्या लोकांबद्दल जास्त सहिष्णू झालेले दिसले, मुलींच्या शिक्षणाला जास्त अनुकूल दिसले. मात्र स्वतःच्या तब्येतीबद्दल विचारल्यावर ते न गेलेल्यांपेक्षा जास्त तक्रारी सांगत होते! म्हणजे नुसत्या डोळ्यांना हाजी ठणठणीत दिसतात, आणि चिठ्ठीने वाटणी केली की शरीराच्या बाबतीत उलटंच निघतं. सांख्यिकीच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. मुलं ते विसरत नाहीत, हिंदू मुलंसुद्धा.

वैद्यकात चिठ्ठी आली ती उशिरा. त्याआधीची एक गोष्ट मुंबईचीच आहे आणि ती आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी जवळपास निम्म्यांनी स्वतःहून लस घेतली, बाकीच्यांनी नाही. मेले ते जास्त करून लस न घेतलेल्यांतले. शहरातले लोक लसीला घाबरत होते, सत्रा अफवा होत्या. त्या वेळी विशीतले आगाखान पुढे आले, त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, आणि हजारो खोजांनी त्यांच्या मागे घेतली. हाफकिनची प्रयोगशाळा काही काळ आगाखानांच्याच बंगल्यात होती. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच, टाटा हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर. परळच्या रांगेतून चहाला बाहेर पडलं की मला ती आठवायची.

आता या आकड्यांकडे शिक्षकाच्या नजरेने बघा. तुरुंगात अन्न एक, कोठड्या एक, उंदीर एक. तेव्हा प्लेगचा धोका दोन्ही गटांना सारखाच. ही तुलना बरीच भक्कम. तरी लस 'स्वतःहून' घेतली होती, म्हणजे वाटणी कैद्यांनी केली होती. बाहेर शहरात तर प्रश्न आणखी अवघड. लस घेणारी माणसं जास्त सावध असतील, घर सोडून मोकळ्या जागी राहायला जाण्याची ऐपत असलेली असतील, तर ती वाचली ते लसीने की ऐपतीने? हाफकिनला हे कळत होतं. १८९८ मध्ये बडोद्याजवळ उंधेरा नावाच्या गावात त्याने घराघरातली निम्मी माणसं टोचली आणि निम्मी सोडली. एकच घर, एकच चूल. तिथेही टोचलेल्यांतले मृत्यू फार कमी निघाले.

पुढे १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोन ब्रिटिश सांख्यिकींनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसींचे आकडे तपासताना तीन अटी लिहून ठेवल्या. (मेजर हे ग्रीनवुडचं नावच होतं, हुद्दा नव्हे. वर्गात हे सांगावं लागतं.) दोन्ही गटांतली माणसं सगळ्या महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत. रोगाशी त्यांचा संपर्क सारखा हवा. आणि लस घेतली की नाही ही नोंद, व रोग झाला की नाही ही नोंद, एकमेकींवर अवलंबून नसावी. शंभर वर्षांनंतरही एखादी बातमी वाचताना मी या तीन अटी लावतो, आणि दहातल्या आठ बातम्या पहिल्याच अटीत पडतात. पहिली अट खात्रीने पाळायची तर चिठ्ठीच लागते. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली, ती झाली होती बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांनी. ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ गेले, दुसऱ्यात १४. औषध पुरेसं नव्हतंच, त्यामुळे चिठ्ठी टाकण्यात अन्याय झाला असंही कुणाला म्हणता आलं नाही.

तर खालाच्या प्रश्नावर अशी चिठ्ठी कुणी टाकली होती का? टाकली होती. आणि कुठे, तर आम्ही ज्या रांगेत बसत होतो तिथेच. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांना घेऊन ही चाचणी केली. सगळ्यांचा रोग निदानाच्या वेळीच पसरलेला होता आणि बहुतेकींचा केमोला प्रतिसाद मिळालेला होता, अगदी खालासारखा. मग चिठ्ठी. १७३ जणींचं ऑपरेशन व गरजेप्रमाणे रेडिएशन, १७७ जणींचं नाही. बहुतेकींची वाटणी केमोनंतर झाली, त्यामुळे ते 'फुकटचे महिने' कुणालाच मिळाले नाहीत. निकाल २०१५ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. निम्म्या बायका जिथपर्यंत हयात होत्या ती मुदत ऑपरेशनच्या गटात १९.२ महिने, बिनऑपरेशनच्या गटात २०.५ महिने. फरक शून्याच्या आसपास. ऑपरेशनने छातीतला रोग नक्कीच आटोक्यात राहिला, पण दुसरीकडचा रोग उलट जास्त वेगाने वाढताना दिसला. मूळ काढलं की झाड मरतं, हे कॅन्सरच्या बाबतीत खरं निघालं नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण मामूंनी नेमकी तीच पकडली होती. बिनऑपरेशनच्या गटातल्या काही बायकांची गाठ फुटायच्या बेतात आली, रक्त येऊ लागलं, तेव्हा त्यांचं ऑपरेशन करावंच लागलं. मामू म्हणाले, 'मग त्या ऑपरेशनवाल्या झाल्या ना?' हिशोबात नाही झाल्या. ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात शेवटपर्यंत धरायचं, असा नियम आहे. ऐकायला अडाणीपणा वाटतो. पण मध्येच इकडच्या तिकडे हलवलं की वाटणी पुन्हा चिठ्ठीच्या हातातून डॉक्टरांच्या हातात जाते, आणि आपण सोळा हजारांच्या जुन्या खड्ड्यात परत पडतो.

चाचणीवर आक्षेपही होते आणि ते मी लपवले नाहीत. ज्यांना ट्रास्टुझुमॅब हे महागडं औषध द्यायला हवं होतं त्यातल्या बहुतेक बायकांना ते मिळालं नव्हतं. उत्तम औषधं मिळाली असती तर ऑपरेशनचा फायदा दिसला असता का, हा प्रश्न रास्त होता. खालाच्या गाठीला ते औषध लागू नव्हतं, म्हणून आमच्यापुरता तो मुद्दा नव्हता. नंतर, २०१८ मध्ये, तुर्कस्तानच्या २७४ बायकांच्या चाचणीत पाच वर्षांनी ऑपरेशनच्या गटात ४१.६ टक्के आणि दुसऱ्यात २४.४ टक्के हयात निघाल्या. मामूंच्या हाती ते लागलं असतं तर माझी खैर नव्हती! पण तिथे वाटणीनंतरही गट नीट सारखे नव्हते. ऑपरेशनच्या बाजूला एकाच हाडात रोग असलेल्या बायका जास्त आल्या होत्या. चिठ्ठी सरासरीने न्याय करते, छोट्या गटात ती कधी कधी एका बाजूला झुकते. शेवटी अमेरिकेत २५६ बायकांची चाचणी झाली. तीन वर्षांनी ६८.४ आणि ६७.९ टक्के, म्हणजे पुन्हा काही फरक नाही. ती चाचणी चालवली होती सीमा खान यांनीच. ज्यांच्या २००२ च्या आकड्यांनी जगभर ऑपरेशनची आशा लावली, त्यांनीच चिठ्ठी टाकून ती तपासली आणि निकाल विरुद्ध आला तेव्हा तो छापला. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

२०१७ मध्ये माझ्या हातात यातला फक्त मुंबईचा निकाल होता. एका रविवारी दस्तरख्वानावरच मी तो सगळ्यांना समजावला. कुरआचं उदाहरण दिलं तेव्हा अम्मीला पटकन कळलं. मामूंना कळलं, पटलं नाही. ते म्हणाले, 'साडेतीनशे बायकांचं सांगू नकोस. माझ्या बहिणीचं सांग.'

आणि इथे माझं शास्त्र थांबतं. मराठीत आपण किती सहज म्हणतो, 'केलं असतं तर वाचली असती.' आपल्या भाषेत या 'असतं'साठी क्रियापदाचं रूप तयार आहे, पण जगात ते कुठेच बघायला मिळत नाही. एका माणसाचं ऑपरेशन झालेलं आणि न झालेलं, अशी दोन्ही आयुष्यं कुणाला दिसत नाहीत. चिठ्ठी काय करते, तर एकीचं न दिसणारं आयुष्य दुसरीच्या दिसणाऱ्या आयुष्यातून उसनं घेते. गटाचं उत्तर मिळतं. बहिणीचं मिळत नाही. मी मामूंना एवढंच म्हणालो, की जमीन विकून जे विकत घ्यायचं आहे ते त्या दुकानात आहे असं दिसत नाही.

खाला तोवर गप्प होती. तिने विचारलं, 'त्या बायकांना माहीत होतं? चिठ्ठी टाकतायत म्हणून?' मी म्हणालो, हो, सांगून, सही घेऊन करतात. 'ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा?' हो. ती थोडा वेळ ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'त्यातली एखादी आपल्या पनवेलची पण असेल.' असेल. त्या निबंधात वयं आहेत, गाठींचे प्रकार आहेत, नावं नाहीत. नसावीतच. पण त्यांनी चिठ्ठीला होकार दिला नसता तर आमची जमीन गेली असती, आणि खालाच्या अंगावर एक मोठी जखम आली असती. इतका सरळ संबंध आहे.

निर्णय खालाने स्वतः घेतला. ऑपरेशन नको म्हणाली. गाठ पुढे त्रास देऊ लागली तर काढतील का, हे तिने डॉक्टरांना विचारून घेतलं. ते हो म्हणाले, आणि तशी वेळ आली नाही. गोळ्या चालू राहिल्या. मधल्या दीड वर्षात तिने नातीचं लग्न बघितलं, एक रमजान फिदिया देऊन काढला आणि मामूंशी एकदाही भांडली नाही. तीन-चार महिने तर ती आजारी आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली. निदानापासून बावीस महिने.

त्याच परळमधून नंतर एक वेगळा निकाल आला. ज्यांचा रोग पसरलेला नाही, अशा सोळाशे बायकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठीनेच, ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना बधिर करायला देतात तेच, अगदी स्वस्त. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या ९०.१ टक्के हयात होत्या, इंजेक्शन न दिलेल्यांतल्या ८६.४ टक्के. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा मी मामूंना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मामू अजून म्हणतात, की केलं असतं तर ती पाच वर्षं जगली असती. मी वाद घालत नाही. रसायनीची जागा अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि दर ईदला ते खालूंच्या हातात एक पाकीट ठेवतात.